छोटा सॉफ्ट रॉक अल्बम भरगच्च असूनही जड का होत नाही?

प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या आधी सुट्या करतो. पहिली अशी: सत्तरच्या दशकातले ३५-४० मिनिटांचे सॉफ्ट रॉक अल्बम तुम्ही वर्षानुवर्षं ऐकताय, दर वेळी काहीतरी नवं कानावर पडतं आणि संपला की परत पहिल्यापासून लावावासा वाटतो. ही त्या संगीताची करामत की नुसत्या जुन्या आठवणी? दुसरी गोष्ट जास्त दुखरी. तुम्ही स्वतः घरी तसाच अल्बम रेकॉर्ड केलाय. १४ गाणी, ५८ मिनिटं, दर गाण्यात ६०-७० ट्रॅक, म्हणजे सुटे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं. सुटं गाणं मित्रांना आवडतं, पण सलग ऐकताना चौथ्या-पाचव्या गाण्यालाच कान थकतात. तेव्हा ट्रॅक किती असावेत, गाणी काढावीत का, आणि हे मिक्सिंगमध्ये, म्हणजे ट्रॅक एकमेकांत जुळवताना, निभावेल की पुन्हा रेकॉर्ड करावं लागेल, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं मिक्सिंग करतोय, आणि त्यातलं पुष्कळसं काम याच धाटणीच्या गाण्यांचं आहे. त्यामुळे उत्तर समीक्षकाचं नसेल, फेडरवर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणावर) हात ठेवून बसणाऱ्याचं असेल.

आठवणींचा वाटा असतोच, तो नाकारत नाही. पण त्या दशकात जन्मही न झालेली मुलं हेच अल्बम शोधून ऐकतात, म्हणजे सगळा भार आठवणींवर टाकता येणार नाही. छोटा म्हणजे चांगला, असंही समजू नका. तेव्हा अर्ध्या तासाचे कितीतरी पातळ, घाईत उरकलेले अल्बम निघाले. ते कोणी लावत नाही म्हणून आपल्या लक्षात नाहीत, इतकंच. उलट फ्लीटवूड मॅक या बँडचा १९७९चा 'टस्क' २० गाण्यांचा, सव्वा तासाच्या घरातला, आणि त्यावर जीव टाकणारे लोक आहेत. तुमची गाणी मिळून एक सलग गोष्ट सांगत असतील किंवा शब्दच मुख्य असतील, तर पुढचं निम्मं तुम्हाला लागू होणार नाही.

मला जे सांगायचंय ते असं: थर, म्हणजे मुख्य चालीमागे चढवलेले आवाज आणि वाद्यं, हे पुन्हा ऐकणाऱ्यासाठी असतात. पहिल्यांदा ऐकणारा चाल, गळा आणि ठेका यांच्याच मागे असतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला चाल पाठ झालेली असते, कान मोकळा होतो, आणि मग दुसऱ्या कडव्यामागे उजवीकडे हळूच वाजणारी बारा तारांची गिटार त्याला सापडते. तुम्ही 'दर वेळी नवं' म्हणताय ते हेच. पण श्रोता अल्बम जितक्यांदा लावेल तितकेच थर त्याच्या वाट्याला येणार, आणि अल्बम जितका लांब तितका तो अख्खा लागण्याची शक्यता कमी. तासाभराच्या अल्बमची पहिली पाच गाणी लोक परत परत ऐकतात, बारावं एखाद्याच वेळी. त्या बाराव्यात तुम्ही ७० ट्रॅक रचले असतील, तर ते ऐकणारे बहुधा तुम्ही एकटेच. दाट विणीला लांबी परवडत नाही.

गंमत म्हणजे ही लांबी कोणी सौंदर्यदृष्टीने ठरवलेली नव्हती. एलपी तबकडी १९४८ साली आली, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी. एका बाजूवर २० मिनिटांच्या आसपास संगीत असलं तर खाचांना ऐसपैस जागा मिळते. त्याहून बरंच जास्त घालायचं तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात, म्हणजे आवाजाची पातळी आणि बेस कमी करावा लागतो, आणि मग तबकडीची मूळ खरखर त्या मानाने वर येते. शिवाय तबकडी एकाच गतीने फिरत असली तरी बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्या जागेत झांजा आणि 'स', 'श' फाटायला लागतात. म्हणून दणदणीत गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि शांत गाणं शेवटाला ठेवण्याकडे कल असायचा. दोन बाजू, म्हणजे दोन उतार, आणि मध्ये उठून तबकडी उलटायची. कानाला ही विश्रांती आपोआप मिळायची. तुमच्या ५८ मिनिटांत ती कुठेच नाही.

टेपचीही अशीच सक्ती होती. सत्तरच्या सुरुवातीला मोठ्या स्टुडिओंत दोन इंची टेपवर १६ ट्रॅक असायचे, पुढे २४ झाले. जागा संपली की गायलेले सहा आवाज मिसळून दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या जागेत पुढचं रेकॉर्ड करायचं. एकदा हे केलं की परतीची वाट बंद, कारण मूळ ट्रॅकवर नवं चढलेलं असे. दर उतरवणीत टेपचा सूंसूं आवाजही वाढायचा. फ्लीटवूड मॅकच्याच १९७७च्या 'रूमर्स'च्या वेळी (११ गाणी, ३९ मिनिटांच्या आसपास) ओव्हरडबसाठी (आधीच्या रेकॉर्डिंगवर नवं चढवण्यासाठी) टेप यंत्रावरून इतक्यांदा फिरली, की तिच्यावरचा लेप झिजून ड्रमचा तजेला गेला. शेवटी आधी काढून ठेवलेल्या दुसऱ्या टेपवरचे ड्रम घेऊन बाकीच्या ट्रॅकशी हाताने जुळवावे लागले. थर चढवायला तेव्हा काहीतरी मोजावं लागायचं, म्हणून प्रत्येक थराला 'तू कशाला?' असं विचारलं जायचं. संगणकावर सत्तरावा ट्रॅक उघडायला काहीच लागत नाही, म्हणून तो उघडला जातो.

पण नुसत्या काटकसरीने श्रीमंती येत नाही. कुठेतरी हात सैलही सोडावा लागतो. माझ्या मते याचा सगळ्यात बोलका नमुना टेन-सीसी या बँडचं १९७५चं 'आयम नॉट इन लव्ह'. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत बँडमधल्या तिघांनी एकेक सूर १६-१६ वेळा गायला, म्हणजे दर सुराला ४८ आवाज. एका सप्तकातले सगळे सूर असे गाऊन त्यांच्या टेपच्या माळा (टोकं जोडून सतत फिरत राहणारी टेप) केल्या, त्या वेगवेगळ्या ट्रॅकवर उतरवल्या आणि मिक्सिंगच्या टेबलावर फेडर वरखाली करत ते आवाज वाद्यासारखे वाजवले. फेडर पूर्ण बंद होऊ नयेत म्हणून खाली चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे सगळे सूर कायम अगदी बारीक गुणगुणत राहतात, तानपुऱ्यासारखे. आता बाकीचं गाणं ऐका. इलेक्ट्रिक पियानो, थोडी गिटार, बेस, ड्रमऐवजी मूग सिंथेसायझरचा मऊ ठोका, आणि मुख्य गळा. संपलं! सहाशेच्या आसपास आवाज, पण कल्पना एकच, आणि तिला जागा मिळावी म्हणून बाकी सगळे मागे सरलेले. तुमच्या गाण्यात ७० ट्रॅक आहेत त्याचं मला काही वाटत नाही. त्यात कल्पना किती आहेत, हे मोजून पाहा.

दुसरं टोक स्टीली डॅन या बँडच्या 'एजा' अल्बमचं, १९७७, सात गाणी, ४० मिनिटं. ध्वनिमुद्रणासाठी त्याला ग्रॅमी मिळालं. वादकांची यादी लांबलचक, पण कोणत्याही एका क्षणी थांबवून मोजलंत तर वाजणारे हात त्या मानाने थोडेच. त्यातल्या 'पेग' या गाण्यामधल्या एका गिटार सोलोसाठी एकामागून एक नावाजलेले वादक बोलावले, आणि अखेर जे ग्रेडनचा तुकडा ठेवला. बाकीच्यांचं वाजवणं गाण्यात कुठेतरी खपवून टाकलं नाही, ते सरळ बाजूला ठेवलं. मायकल मॅक्डोनल्डने मागचे आवाज गायलेत, एकच गळा स्वतःवरच चढवलेला, म्हणून तो थर घट्ट आणि एकजीव लागतो. कार्पेंटर्स भावंडांचंही तेच, दोघांचेच आवाज पुन्हा पुन्हा चढवलेले. वेगवेगळ्या सहा मित्रांना गायला बसवलं तर समूह मिळतो, हा एकजीवपणा मिळत नाही. दोन्हीला आपापली जागा आहे. तुम्हाला हवाय तो बहुतेक एकजीवपणा.

मवाळपणाचाही यात मोठा हात आहे, आणि लोक त्याला उगाच चव नसलेला समजतात. फाटक्या आवाजाची, डिस्टॉर्शनवाली गिटार सतत वाजते तेव्हा तिचे वरचे स्वर सगळी जागा भरून टाकतात आणि मागे काही लपवायला फट उरत नाही. इथे गिटार स्वच्छ, पियानो गोल, आणि ड्रमवर कापड किंवा टेप लावून गुंज मारलेली. स्नेअर या ड्रमचा ठोका पडतो आणि लगेच संपतो. दोन ठोक्यांमध्ये जी शांतता उरते तिच्यात अकूस्टिक गिटारची खरवड बसते, आणि तिच्याही खाली एखादी हार्मनी, म्हणजे चालीला साथ देणारे वेगळे सूर. थर एकमेकांवर न बसता एकमेकांच्या फटींत बसतात. तुमच्या ड्रमना लांबलचक रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावला असेल तर या फटी तुम्ही आधीच बुजवल्यात, वर काय ठेवायचं हा प्रश्न नंतरचा.

आणखी एक. हे संगीत हळू आवाजात ऐकलं जातं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ सालीच दाखवलं होतं, की आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो आणि अगदी वरची टोकंही थोडी मावळतात. अशा वेळी गाणं मधल्या पट्टीवरच (ना फार खर्ज, ना फार टिपेचा आवाज) तरतं, आणि मधल्या पट्टीतच तुमचे गिटार, पियानो, गळा, हार्मनी सगळे गर्दी करून असतात. म्हणून मी मिक्सिंगचा बराच वेळ शेजारी कोणी बोललं तर सहज ऐकू येईल इतक्या हळू आवाजात घालवतो. तिथे गाणं उभं राहिलं तर मोठ्याने लावल्यावर ते पडत नाही. उलट्या दिशेने ही खात्री मिळत नाही.

इथवरचं आवरून घेतो: अल्बम छोटा म्हणून तो परत ऐकला जातो, परत ऐकला जातो म्हणून थर पोचतात, आणि ते पोचावेत म्हणून प्रत्येक क्षणी बहुतेक वाद्यांनी गप्प बसायचं असतं. आता तुमच्या फायली.

गिटारपासून सुरू करा, कारण तुमच्या वर्णनावरून आवाजांचा चिखल तिथेच असणार. कॉपी करून डावी-उजवीकडे टाकलेला ट्रॅक म्हणजे दोन गिटार नव्हेत. तो मध्यभागीच राहतो आणि फक्त मोठा होतो. थोडा मागेपुढे सरकवलात तर रुंद वाटेल, पण मोबाइलच्या एकाच स्पीकरवर पोकळ होईल. खरोखर दोनदा वाजवा, आणि दुसऱ्यांदा जागा बदलून: कॅपो (तारा दाबून सूर चढवणारी पकड) वर लावून त्याच कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे) वरचे आकार, किंवा बारा तारांच्या संचातल्या फक्त बारीक जोडतारा साध्या गिटारवर चढवून. मग २०० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे खर्जाचं, बहुतेक काढून टाका. बेस आणि किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजत असताना गिटारचा तो भाग कोणाला ऐकू येत नाही, पण खालचा गोंधळ मात्र तोच वाढवतो. मात्र गिटार एकटीच वाजते त्या सुरुवातीला तो भाग परत द्या, नाहीतर ती कागदासारखी वाजेल.

त्याआधी एक काम ईक्यूशिवाय (खर्ज-टीप कमी-जास्त करायच्या साधनाशिवाय) होतं. सी मेजर सेव्हन घ्या, या संगीताचा लाडका कॉर्ड. आपल्या भाषेत सा-ग-प आणि शुद्ध नी. बेसने सा धरलाय ना? मग गिटारने परत सा वाजवायचं कारण नाही. गिटार नुसता ई मायनर वाजवू दे, म्हणजे ग-प-नी. पियानोला त्यातले दोनच सूर द्या, वरच्या सप्तकात. कॉर्ड पूर्ण ऐकू येतो, कोणी कोणावर चढत नाही, आणि नी-सा मधली ती हवीहवीशी ओढ आता स्पष्ट ऐकू येते, कारण दोघे वेगळ्या वाद्यांवर, वेगळ्या सप्तकांत आहेत. माझ्याकडे येणाऱ्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये सगळी वाद्यं सगळे सूर वाजवत असतात. ते ईक्यूने सुटत नाही, कितीही बटणं फिरवा.

मागच्या आवाजांबद्दल: 'स', 'त', 'क' हे व्यंजन एकानेच स्पष्ट उच्चारायचं, बाकीच्या सगळ्या ट्रॅकवर ते गिळायचं किंवा मऊ सोडायचं. आठ आवाजांचे आठ 'स' थोडे मागेपुढे आले की कानावर वाळू पडल्यासारखं होतं, आणि तुमच्या मित्रांचे कान थकण्यात याचा मोठा भाग असावा असा माझा अंदाज आहे. स्वर मात्र सगळ्यांचे तंतोतंत सारखे हवेत, तोंड किती उघडायचं इथपर्यंत ठरवून. श्वासही काढून टाका, मुख्य गळ्याचे सोडून.

थर आत येण्याची वेळ ही मला रंगापेक्षा महत्त्वाची वाटते. नवं वाद्य ओळीच्या शेवटी, गळा श्वास घेत असताना आत आणा, आणि पहिले दोन क्षण किंचित वर ठेवून मग मागे न्या. कान त्याला एकदा ओळखतो, मग ते हळू वाजलं तरी सोबत राहतं. एका वेळी एकच. पहिल्या ध्रुवपदालाच सगळं उघडलंत तर दुसऱ्याला द्यायला काही उरत नाही, मग माणूस कॉम्प्रेसर (लहान-मोठे आवाज एका पातळीला दाबणारं साधन) पिळत बसतो. तसं पिळून फायदाही नाही. स्ट्रीमिंग सेवा गाणी साधारण एकाच पातळीला आणून ऐकवतात, तेव्हा तुमचं चेपलेलं गाणं मोठं न होता फक्त चपटं होऊन पोचतं.

कोणता ट्रॅक ठेवायचा हे ठरवायला मी एक साधी चाचणी करतो. ट्रॅक चालू ठेवून गाणं दोनदा ऐकायचं, मग न बघता तो म्यूट करायचा. काहीतरी गेल्यासारखं वाटलं पण काय ते सांगता आलं नाही, तर तो थर चांगला. काहीच गेलं नाही, तर काढा. जाताच गाणं मोकळं झालं, तर तो काढून दुसऱ्या गाण्यातही तसाच कोणी बसलाय का ते पाहा. ही चाचणी गाणं नुकतंच रचलेल्या आठवड्यात करू नका. तेव्हा सगळंच लाडकं असतं.

गाणी किती काढायची? ३६ ते ४० मिनिटांवर या, म्हणजे नऊ-दहा गाणी. पण 'कमजोर' गाणी शोधू नका, त्यावरून भांडणं होतात आणि बऱ्याचदा निवडही चुकते. एकच काम करणारी गाणी शेजारी ठेवा: सारखी लय, सारखी पट्टी, सारखा मूड. तशा प्रत्येक जोडीतलं एक जाईल. मग उरलेल्यांची पाच-पाचची दोन बाजूंसारखी रचना करा, तबकडी काढायची नसली तरी. पाचव्या गाण्यानंतरची शांतता चार-पाच सेकंदांची ठेवा. सहावं गाणं कमी ट्रॅकचं असू द्या, शक्यतो एक वाद्य आणि एक गळा. गाण्यांच्या आतही पाहा. आठ मात्रांची चार आवर्तनं चालणारी सुरुवात दोन आवर्तनांत होते का, शेवटचं ध्रुवपद खरंच चार वेळा हवंय का. घरगुती रेकॉर्डिंगमध्ये मला प्रत्येक गाण्यात अर्धा मिनिट तरी सापडतो.

शेवटचा प्रश्न, मिक्सिंग की पुन्हा रेकॉर्डिंग. ड्रम, बेस, मुख्य गळा यांना हात लावू नका. तुम्ही म्हणताय तसे ते सुरात आणि लयीत असतील तर तेवढं पुरे. ड्रमवरचा रिव्हर्ब फक्त आखडून घ्या. गिटारमध्ये बहुतेक काम म्यूटनेच होईल, दोन-तीन गाण्यांत वरच्या पट्टीतली एक नवी गिटार वाजवावी लागेल. मागचे आवाज मात्र पुन्हा गा. एकेक 'स' कापत बसण्यात जितका वेळ जाईल त्याच्या निम्म्यात एकच गळा चार-सहा वेळा नीट गाऊन होतो. सुरुवात सगळ्यात गर्दी असलेल्या गाण्यापासून करा. ते मोकळं झालं की बाकीच्यांत काय काढायचं ते तुम्हाला मला विचारावं लागणार नाही.